नव्या डिझेल गाडीचं अ‍ॅव्हरेज : इंजिन रुळताना नेमकं काय बदलतं?

नवी डिझेल गाडी घेतलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. पहिलं, ‘एवढंच अ‍ॅव्हरेज?’ आणि दुसरं, ‘थांबा हो, पाच हजार होऊ द्या, इंजिन मोकळं होईल.’ दुसरं वाक्य मेकॅनिक सांगतो, शोरूमवाला सांगतो, ऑफिसातला जुना डिझेलवाला सांगतो. हैदराबादेत ते तेलुगूत ऐकू येतं, दखनीत ऐकू येतं आणि काचीगुडा, सुलतान बाजारकडच्या जुन्या मराठी घरांत मराठीतही. त्यात तथ्य आहे. नव्या इंजिनाचं अ‍ॅव्हरेज चालता चालता खरोखर सुधारतं आणि त्यामागे पक्कं यंत्रशास्त्र आहे. मात्र ही सुधारणा किती असते, कधी थांबते आणि तिच्या खात्यावर आपण दुसरंच काय काय जमा करतो, हे ठाऊक नसेल तर माणूस एक तर चांगल्या गाडीवर उगाच नाराज होतो, नाही तर बिघाड असलेल्या गाडीला ‘अजून मोकळी व्हायचीय’ म्हणत वर्षभर चालवून घेतो. दोन्हींत नुकसान आपलंच.

जाहिरातीतला आकडा येतो कुठून?

पुण्यात वेताळ टेकडीवर ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ म्हणजे एआरएआय ही संस्था आहे. तिची स्थापना १९६६ची. गाड्यांच्या जाहिरातीत ‘एआरएआय प्रमाणित’ म्हणून जो मायलेजचा आकडा छापतात तो हिच्या नावाचा. हा आकडा रस्त्यावर मोजत नाहीत. गाडीची चाकं मोठ्या रोलरवर ठेवतात आणि चालक एका ठरलेल्या वेळापत्रकानुसार वेग कमी-जास्त करत ती पळवतो. हे वेळापत्रक १,१८० सेकंदांचं, म्हणजे वीस मिनिटांनाही थोडं कमी. तेवढ्या वेळात साधारण १०.६ किलोमीटर अंतर होतं. सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास, जास्तीत जास्त ९०. एसी बंद.

इंधन किती लागलं हे टाकीत डोकावून ठरवत नाहीत. धुराड्यातून येणारा वायू पिशव्यांत गोळा करतात, त्यातला कार्बन मोजतात आणि त्यावरून डिझेलचा हिशेब काढतात. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यामुळे या पद्धतीत चुकायला फारशी जागा नसते.

नव्या गाडीच्या मालकाने ध्यानात ठेवावी अशी गोष्ट पुढेच आहे. ज्या युरोपीय नियमावलीवरून आपली चाचणी बेतली आहे, तिच्यात चाचणीची गाडी आधी किमान ३,००० किलोमीटर चाललेली असावी, अशी अट आहे. अमेरिकेतही मायलेजच्या चाचणीसाठी साधारण ४,००० मैल, म्हणजे ६,४०० किलोमीटर चाललेल्या गाडीची स्थिती धरतात, आणि तिथलं सरकारी इंधन-संकेतस्थळ ग्राहकांना स्वच्छ सांगतं की नव्या गाडीला तिचं उत्तम मायलेज गाठायला ३,००० ते ५,००० मैल लागू शकतात. म्हणजे जाहिरातीतला आकडा रुळलेल्या इंजिनाचा, थंड खोलीतला, एसी बंद असतानाचा असतो. आपण त्याच्याशी तुलना करतो ती चारशे किलोमीटर चाललेल्या, गच्चीबावलीच्या गर्दीत एसी लावून उभ्या असलेल्या गाडीची.

सिलिंडरच्या भिंतीवर

इंजिन ‘मोकळं’ होतं म्हणजे काय होतं, हे पाहायला सिलिंडरच्या आत जावं लागतं. नव्या सिलिंडरची भिंत नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत दिसते. भिंगाखाली धरली की तिच्यावर तिरप्या रेघांची जाळी दिसते. एका अंगाने चढत जाणाऱ्या आणि दुसऱ्या अंगाने उतरणाऱ्या रेघा एकमेकींना छेदतात. या रेघा कारखान्यात मुद्दाम पाडलेल्या असतात. बारीक घासदगड बसवलेलं हत्यार सिलिंडरमध्ये गोल फिरत वर-खाली करतं, त्याला होनिंग म्हणतात. रेघांच्या खाचांत तेल साठून राहतं आणि पिस्टनच्या रिंगा त्या तेलावरून सरकतात. भिंत अगदी आरशासारखी केली, तर तेल टिकणारच नाही आणि धातूवर धातू घासेल.

नव्याने टाकी लावलेल्या पाट्याचं जे होतं तेच इथे होतं. टाकीचे खड्डे नसतील तर वाटण नुसतं घसरतं. पण टाकी लावल्यानंतरच्या पहिल्या वाटणात कच येते, म्हणून ते टाकून देतात. दोन-चार वाटणं झाली की दगडावरचे टोकदार उंचवटे बोथट होतात आणि खड्डे मात्र कामाला राहतात. सिलिंडरच्या भिंतीवरही रेघांच्या काठांवर अतिसूक्ष्म टोकं उरलेली असतात. मोकळ्या डोळ्यांना न दिसणारी, मायक्रॉनच्या हिशेबातली. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि रिंग व भिंत यांच्यामधला तेलाचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा, पिस्टन जिथे क्षणभर थांबून उलटा फिरतो त्या टोकांपाशी तर त्याहूनही पातळ. एवढ्या पातळ थरातून धातूची टोकं वर आली की घर्षण वाढतं. पहिल्या काही शे किलोमीटरांत ही टोकं घासून सपाट होतात, रिंगेचा काठ भिंतीच्या आकाराशी जुळतो आणि तेलाचा थर सलग राहू लागतो.

वंगण दिलेल्या दोन भागांमधलं घर्षण वेग, भार आणि तेलाचा घट्टपणा यांच्यानुसार कसं बदलतं, हे जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रायबेक याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रयोगांनी मांडलं. त्याच्या नावाचा आलेख आजही यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकावा लागतो. त्या आलेखाच्या भाषेत इंजिन रुळणं म्हणजे धातूला धातू टेकण्याच्या अवस्थेतून तेलावर तरंगण्याच्या अवस्थेकडे सरकणं.

यात रिंगांना किती चालावं लागतं याचा अंदाज घेऊ. फियाटने घडवलेलं १,२४८ सीसीचं डिझेल इंजिन मारुती, टाटा आणि खुद्द फियाट अशा तिघांच्या गाड्यांत बसलं आणि आपल्याकडे इतकं पसरलं की लोक त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. पुण्याजवळ रांजणगावलाही ते तयार होत असे. त्याचा पिस्टन एका खेपेत ८२ मिलिमीटर सरकतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने, मिनिटाला २,००० फेरे धरले, तर एका किलोमीटरला इंजिनाचे १,५०० फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली. म्हणजे गाडी एक किलोमीटर गेली की रिंग भिंतीवर सुमारे २४६ मीटर घासलेली असते. पाच हजार किलोमीटरांत हे घासणं १,२०० किलोमीटरांच्या वर जातं, म्हणजे हैदराबादहून पुण्याला जाऊन परत येण्यापेक्षाही जास्त. झीज सगळ्या अंतरावर सारखी होत नाही. सुरुवातीच्या काही तासांत ती सर्वांत जास्त असते, मग झपाट्याने कमी होते आणि पुढे लाखभर किलोमीटर नगण्य राहते.

डिझेलला वेळ का लागतो?

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती काही शे अंशांपर्यंत तापते आणि त्या हवेत डिझेलचा फवारा सोडताच तो पेटतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्याने इंधनातल्या ऊर्जेपैकी सुमारे २६ टक्के ऊर्जा कामात उतरवली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना त्याच्या निम्मंही जमत नव्हतं. डिझेलच्या काटकसरीचं मूळ या दाबात आहे, आणि रुळायला लागणाऱ्या वेळाचं मूळही त्यातच आहे.

पेट्रोल इंजिन हवा साधारण दहा-अकरा पट दाबतं, तर डिझेल इंजिन सोळा-सतरा पट. इंधन पेटल्यावर आतला दाब बाहेरच्या हवेच्या दीडशे पटीपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. एवढा दाब झेलायला रिंगा, पिस्टन, बेअरिंग सगळंच दणकट लागतं, आणि दणकट भाग जुळून यायला जास्त वेळ घेतात. शिवाय डिझेल इंजिन संथ फिरतं. तेवढ्याच किलोमीटरांत त्याचे फेरे पेट्रोलपेक्षा कमी होतात, त्यामुळे किलोमीटरच्या मापाने रुळण्याचा काळ लांबतो.

रिंगा नीट बसेपर्यंत दाबलेल्या हवेतला आणि जळलेल्या वायूतला थोडा भाग त्यांच्या फटींतून खाली निसटतो. हा दुहेरी तोटा आहे. जो दाब पिस्टन ढकलायचा तो वाया जातो आणि हवा पुरेशी न तापल्याने ज्वलनही थोडं कच्चं राहतं. रिंगा बसल्या की सकाळी गाडी पटकन सुरू होते, आवाज थोडा मऊ होतो, चढावर पिकअप सुधारतो. मालकाला जाणवणारा फरक बऱ्याचदा याचाच असतो, कारण पायाला तो जाणवतो आणि अ‍ॅव्हरेजचा फरक मोजल्याशिवाय कळत नाही.

वाढ किती?

युरोपच्या जुन्या नियमांत यासाठी एक बोलका आकडा होता. कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, शून्य किलोमीटर चाललेल्या गाडीची तपासणी केली, तर तिच्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्याला कंपनी ०.९२ने गुणू शकत असे. म्हणजे रुळल्यावर इंधन ८ टक्के कमी लागेल, एवढी सूट नियमानेच दिली होती. नंतरच्या कडक नियमांत हाच आकडा ०.९८ झाला, म्हणजे सूट २ टक्क्यांवर आली. खरी वाढ या दोन आकड्यांच्या दरम्यान असते असं मानायला हरकत नाही.

दुसऱ्या बाजूनेही हाच अंदाज येतो. केनेथ होल्मबर्ग, पीटर अँडरसन आणि अली एर्डेमिर या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रवासी गाड्यांमधल्या घर्षणाचा जागतिक हिशेब मांडला. त्यांच्या मते सरासरी गाडीत इंधनाच्या १०० भागांपैकी ३३ भाग धुराड्यातून जातात, २९ भाग इंजिन थंड ठेवण्यात जातात आणि ३८ भाग यांत्रिक काम करतात. या ३८पैकी ५ भाग हवेचा अडथळा कापण्यात आणि ३३ भाग टायर, इंजिन, गिअर आणि ब्रेक यांच्या घर्षणात खर्ची पडतात. इंजिनाच्या वाट्याला साडेअकरा भाग येतात आणि त्यांतले जवळजवळ निम्मे, म्हणजे पाचेक भाग, पिस्टन आणि रिंगांचे. समजा रुळल्यावर हे घर्षण एक तृतीयांशाने घटलं, तर ३८ भागांतले पावणेदोन वाचले. म्हणजे इंधनात साडेचार टक्क्यांची बचत.

म्हणून शहरात सुरुवातीला १५ देणाऱ्या गाडीकडून साडेपंधरा-सोळाची अपेक्षा रास्त आहे. केवळ इंजिन रुळून १५चे २० होत नाहीत. आणि आजच्या इंजिनांत ही वाढ पूर्वीपेक्षा कमीच दिसते, कारण होनिंगनंतर टोकं बोथट करण्याचं काम बऱ्याच प्रमाणात कारखान्यातच उरकलेलं असतं.

मग तीन-चार किलोमीटरची वाढ दिसते कशी?

ती दिसते हे खरं. ती फक्त इंजिनाची नसते, एवढंच. हैदराबादच्या मराठी घरातली एक नेहमीची गोष्ट घ्या. गाडी गुढीपाडव्याला, म्हणजे उगादीला आली. पुढचे दोन महिने पारा चाळिशीला टेकलेला, एसी एक क्षण बंद नाही. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो आणि कडक उन्हात, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, मायलेज पाव हिश्श्यापेक्षाही जास्त घटू शकतं, असं अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेचं सांगणं आहे. पाच हजार किलोमीटर होईपर्यंत पावसाळा सरून हवा गार होते, एसी कमी लागतो आणि अ‍ॅव्हरेज चढतं. श्रेय जातं मोकळ्या झालेल्या इंजिनाला. दसऱ्याला आलेल्या गाडीचं नेमकं उलट होतं. हिवाळ्यात तिचे आकडे चांगले येतात, आणि इंजिन रुळून तयार होतं तोवर मार्च-एप्रिल उजाडून एसी सुरू होतो. त्या मालकाला वाटतं, आपली गाडी मोकळी झालीच नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची. पहिले काही आठवडे गाडी शहरातच फिरते. कुकटपल्लीहून हायटेक सिटी, तिथून मेहदीपट्टणम, सिग्नल, अर्धा क्लच, पहिला-दुसरा गिअर. मग सवड काढून नवी गाडी घेऊन तुळजापूरला आईच्या दर्शनाला निघायचं. संगारेड्डी, झहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग असा पुणे-मच्छलीपट्टणम महामार्ग क्रमांक ६५ लागतो. ताशी ८०चा एकसारखा वेग, पाचवा गिअर, इंजिन निवांत. घरी परतल्यावर हिशेब २०च्या पुढे जातो आणि सगळे खूश होतात. पण त्या रस्त्यावर तीच गाडी पहिल्या दिवशी नेली असती, तरी जवळपास हाच आकडा आला असता.

वेगाचाही हिशेब धरायला हवा. हैदराबादभोवतीचा १५८ किलोमीटरचा बाह्यवळण मार्ग, म्हणजे ओआरआर, गाडी पळवायला मोह पाडतो आणि त्याच्या वेगवान लेनमध्ये ताशी १२०ची मुभा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८०वरून १२०वर गेलात की तो सव्वादोन पट होतो. इंजिन रुळल्याने मिळालेले चार-पाच टक्के ओआरआरवरच्या एका घाईच्या फेरीत उडून जातात.

टायरही या हिशेबात लुडबुड करतात. नव्या टायरचं जाड रबर रस्त्यावर जास्त चेपतं आणि ऊर्जा खातं, झिजलेला टायर हलका लोळतो. त्यातच झिजलेल्या टायरचा घेर कमी झालेला असतो, त्यामुळे तेवढ्याच रस्त्याला चाकाचे फेरे जास्त होतात आणि ओडोमीटर किलोमीटर जास्त दाखवतो. रबर ८ मिलिमीटरवरून २ मिलिमीटरवर आलं, तर छोट्या गाडीत हा फरक सुमारे २ टक्क्यांचा असतो. हे दोन टक्के कागदावर दिसतात, पण त्यातून डिझेल काही वाचत नाही.

शेवटची गोष्ट पायाची. टर्बो डिझेलला खालच्या फेऱ्यांवरच ताकद असते, हे पेट्रोलवरून आलेल्या माणसाला उमगायला काही आठवडे जातात. तोवर तो गिअर उशिरा बदलतो, उगाच रेस देतो. गाडीबरोबर चालकही रुळत असतो आणि त्याची सुधारणा इंजिनापेक्षा मोठी असू शकते.

बीएस-६ची नवी भर

१ एप्रिल २०२०पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांत हिशेब आणखी हलता झाला. त्यांच्या धुराड्याच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. काजळी साठली की गाडीचा संगणक जादा डिझेल देऊन फिल्टर सहाशेएक अंशांपर्यंत तापवतो आणि काजळी जाळून टाकतो. या काळात डॅशबोर्डवरचं तात्कालिक मायलेज घसरतं, उभ्या गाडीचे इंजिनफेरे थोडे वाढलेले दिसतात, पंखा बराच वेळ घरघरत राहतो. रोज चार-पाच किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर ही सफाई अर्ध्यावर तुटते आणि पुन्हा पुन्हा सुरू होते, प्रत्येक वेळी डिझेल खाऊन. अशा गाडीला आठवड्या-दोन आठवड्यांनी ओआरआरवर अर्धा तास एकसारख्या वेगाने फिरवून आणावं. अ‍ॅव्हरेजसाठी म्हणून गाडी कमीत कमी चालवणाऱ्यांना हा सल्ला उलटा वाटतो, पण डीपीएफच्या गाडीला लांब फेरी मानवते.

पहिले हजार किलोमीटर

गाडीसोबत आलेलं पुस्तक हा पहिला गुरू. त्याच्या पलीकडे यंत्रशास्त्र जे सांगतं ते थोडक्यात असं. रिंगा भिंतीवर दाबून बसवण्याचं काम त्यांचा स्वतःचा ताण जेवढं करतो, त्यापेक्षा जास्त त्यांच्या मागे शिरणारा ज्वलनाचा दाब करतो. म्हणून नव्या इंजिनाला भार हवा. मध्यम, कमी-जास्त होणारा भार. नवी गाडी चाळिशीच्या वर न्यायचीच नाही, हा जुना दंडक आजच्या इंजिनाला लागू नाही.

अपाय दोन टोकांना आहेत. थंड इंजिनावर पाय पूर्ण दाबणं, भरगच्च माणसं-सामान भरून लांब चढ चढणं आणि तासन् तास एकाच मोठ्या वेगाने पळणं हे एक टोक. गाडी उभी ठेवून तासभर इंजिन चालू ठेवणं आणि वरच्या गिअरमध्ये हापत हापत रेटणं हे दुसरं. दुसऱ्या टोकाचा धोका लोकांना कमी माहीत असतो. नवं डिझेल इंजिन भाराविना बराच काळ चाललं की तेल भिंतीवर भाजून लुकणासारखा चकचकीत थर धरतं, होनिंगच्या रेघा बुजतात आणि रिंगा कधीच नीट बसत नाहीत. डिझेल जनरेटर हलक्या भारावर चालवणाऱ्यांना हा आजार चांगला ठाऊक आहे. पुढे ते इंजिन तेल पिऊ लागतं. मग अ‍ॅव्हरेजची दुरुस्ती इंजिन उघडूनच होते.

तेव्हा सुरुवातीला हलक्या पायाने निघावं, इंजिन तापलं की १,५०० ते ३,००० फेऱ्यांच्या दरम्यान वेग बदलत चालवावं, दर पंधरवड्याला तेलाची कांडी काढून पाहावी. नवं इंजिन थोडं तेल खातं, ते स्वाभाविक आहे. डिझेलमध्ये तेल लगेच काळं पडणंही स्वाभाविक आहे, ती काजळी असते. तेलात वरून कसलाही ‘पॉवर’ देणारा द्राव घालू नये. रिंगा बसायला थोडं घर्षण लागतंच, आणि ते नेमकं त्याच वेळी मारून टाकायचं कारण नाही.

हिशेब ठेवायचा कसा?

टाकी फुल करून, पुढच्या खेपेला पुन्हा फुल करून भागाकार करायचा, ही पद्धत सगळे जाणतात. तिच्यातली खोट अशी की डिझेलला फेस येतो. पंपाची बंदूक कधी लवकर बंद होते, कधी उशिरा, आणि एखादा लिटर इकडे-तिकडे होतो. दहा लिटरच्या भरण्यावर एका लिटरची चूक म्हणजे १० टक्के, रुळण्याच्या सगळ्या फायद्याच्या दुप्पट. तीन पूर्ण टाक्या मिळून १२० लिटरवर तीच चूक एका टक्क्याच्याही आत येते. म्हणून एका भरण्यावरून काहीच ठरवू नये. शक्यतो एकच पंप, तीच बंदूक, पहिल्या कटला थांबणं. पंपाच्या मापाचा संशय आला तर तिथे ठेवलेलं पाच लिटरचं प्रमाणित माप मागून तपासता येतं. तो ग्राहकाचा हक्क आहे.

आणखी एक चूक हिशेबाची. ३०० किलोमीटर शहरात १२च्या दराने आणि ३०० किलोमीटर महामार्गावर २०च्या दराने गाडी चालली, तर सरासरी १६ येत नाही. शहरात २५ लिटर गेले, महामार्गावर १५. एकूण ६०० किलोमीटरला ४० लिटर, म्हणजे अ‍ॅव्हरेज १५. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, एवढं एकच सूत्र खरं. वहीत तारीख, किलोमीटर आणि लिटर यांच्या शेजारी आणखी दोन शब्द लिहावेत: एसी होता की नाही, आणि शहर की हायवे. इंजिनाची खरी वाढ पाहायची असेल तर शहरातल्या एसीवाल्या टाकीची तुलना शहरातल्या एसीवाल्या टाकीशीच झाली पाहिजे.

रुपयांत काय?

वर्षाला १५,००० किलोमीटर चालणारी, १६चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी रुळून ५ टक्क्यांनी सुधारली, तर वर्षाला साधारण ४५ लिटर वाचतात. लिटरला ९५ रुपये धरले तर सव्वाचार हजारांच्या आसपास. बचत चांगली आहे. आता हेही पाहा. छोटं डिझेल इंजिन नुसतं चालू असताना तासाला अर्धा लिटर पितं असं धरा. सिग्नलला आणि कुणाची वाट पाहत रोज अर्धा तास ते चालू राहिलं, तर तीनशे दिवसांत ७५ लिटर हवेत जातात. म्हणजे ज्या रुळण्याची आपण पाच हजार किलोमीटर वाट पाहतो, त्याच्यापेक्षा मोठी बचत पहिल्या दिवसापासून किल्लीच्या एका पिळीत आहे.

आणि ८-१० हजार किलोमीटर होऊनही, सारख्याच रस्त्यावर, गाडी ओळखीच्या तशाच गाड्यांपेक्षा पाव हिश्श्याने कमी देत असेल, तर ‘मोकळी होईल’ हे उत्तर पुरेसं धरू नये. लांबून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहावा. एक चाक इतरांपेक्षा फार तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसला आहे. चाकांची अलाइनमेंट, एअर फिल्टर, टायरमधली हवा, इंजिनाचा थर्मोस्टॅट हे सगळं वॉरंटीत असताना तपासून घ्यावं.

नव्या गाडीचा निकाल एका वर्षाने लावावा. तोवर हैदराबादचे तिन्ही ऋतू होऊन जातात, इंजिन रुळतं, पाय रुळतो, डीपीएफच्या सफाया होऊन जातात आणि वहीच्या शेवटच्या ओळीत गाडीचं तिचं स्वतःचं अ‍ॅव्हरेज उरतं. त्या आकड्याचं मोल जाहिरातीतल्या आकड्याहून मोठं आहे, कारण तो पुढची दहा वर्षं उपयोगी पडतो. ज्या दिवशी अ‍ॅव्हरेज त्याच्या खाली दहा टक्के घसरेल आणि दोन टाक्या तिथेच राहील, त्या दिवशी गाडीत काहीतरी बिघडलं आहे हे मेकॅनिकच्या आधी मालकाला कळेल.